आत्याच्या अर्ध्या मिनिटाचा भाव

दुपारी दीडच्या सुमारास आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरात खालच्या मजल्यावरून पत्त्याचं पान टाकल्याचा आवाज यायला लागतो. टप्. मग शांतता. मग टप्-टप्-टप् असे तीन, एकापाठोपाठ. ते तिघे कॉम्प्युटरचे गडी. त्यांना विचार करावा लागत नाही. आत्या मात्र प्रत्येक पानाला वेळ घेते. समोर चष्म्याचं घर, पाण्याचं तांब्या-भांडं, डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली आणि वाटीला टेकवून उभा केलेला फोन.

तो टप् आवाज मी २०१९ साली तिच्याच टेबलावर रेकॉर्ड केला. चौकटची पंजी हरवलेला जुना कॅट होता, पानं मीच आपटली होती. पण येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती सांगते, "हा आवाज आमच्या टेबलाचा बरं का."

खेळ म्हणजे बदाम सात. आमच्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी पंखा खर्रखर्र फिरतोय आणि दहाबारा पोरंटोरं गोल करून बसलीयेत, असा हा खेळ. त्याचं ॲप मी केलं. आत्या निवृत्त गणिताची मास्तरीण. इस्पिकची अठ्ठी शेवटपर्यंत दाबून धरण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. डाव संपतो, पानं गोळा होतात आणि पडदा भरून जाहिरात येते. कुणीतरी हिंदीत ओरडून काहीतरी विकायला लागतं. वर माझ्या खोलीत ते ऐकू येतं, आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझ्या मनात आकडा हलतो. आत्याने एक बघितली. काय सुटले असतील?

नातेवाइकांना वाटतं मी खेळ विकतो. खेळ फुकट आहे हो. विकतो ती दोन डावांमधली फट.

हे खूळ डोक्यात शिरलं ते फेब्रुवारी २०१४ मध्ये. विजयनगरमधल्या एका कंपनीत मी तेव्हा दुसऱ्यांच्या वेबसाइटी दुरुस्त करत होतो. हनोईत राहणाऱ्या डाँग गुयेन नावाच्या एकट्या माणसाने केलेला 'फ्लॅपी बर्ड' सगळ्यांच्या हातात होता. तो पक्षी दोन नळांच्या मधून न्यायचा, बस. जाहिरातींतून दिवसाला ५० हजार डॉलर मिळतात, असं त्याने एका वार्ताहराला सांगितलं. आमच्या कँटीनमध्ये पोह्यांवर जीरावन भुरभुरता भुरभुरता कुणीतरी मोबाइलवर गुणाकार केला. रोजचे एकतीस लाख रुपये! त्याच आठवड्यात त्या माणसाने खेळच काढून टाकला. साधं आयुष्य या खेळाने नासवलं, आता सोसवत नाही, असं त्याचं म्हणणं. आमच्या टेबलावर तो एकमताने वेडा ठरला. आज मला त्या आठवड्याची आठवण येते तेव्हा एकतीस लाखांपेक्षा त्याने ते बटण कसं दाबलं असेल, हेच जास्त येतं. पण ते आज. तेव्हा मी रात्री जागून कोडिंगचे व्हिडिओ बघायला लागलो होतो.

व्हिडिओ बघणंही तेव्हा सोपं नव्हतं म्हणा. डेटा मोजूनमापून वापरायचा. खेळांतल्या जाहिरातीही म्हणून पडद्याच्या तळाशी एक अरुंद पट्टी, एवढ्याच असायच्या. चित्र हलतं, बोलतं असेल तर माणूस रिचार्ज वाचवायला ॲपच उडवणार. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा पाण्यासारखा झाला, आणि त्या पाण्यातूनच तीस सेकंदांचे व्हिडिओ आपल्या खेळांत वाहत आले. पट्टीला भाव नाही. पडदा भरून येणारीला बरा भाव. आणि सगळ्यांत जास्त भाव त्या जाहिरातीला, जी माणूस आपणहून मागतो: बघा आणि बक्षीस घ्या. जादा आयुष्य, जादा नाणी, जे काय असेल ते. माझ्या खेळात जाहिरात बघितली तर एका गड्याची पानं पाच सेकंद उघडी दिसतात. आत्या याला 'लाच' म्हणते. सात वर्षांत तिने ती एकदाही घेतली नाही. तिची भिशीतली मैत्रीण घेते आणि जिंकते, याचा तिला संताप येतो.

या धंद्यातला भाव हजारावर असतो. हजार वेळा जाहिरात दिसली की किती, असा. कागदोपत्री त्याला ई-सीपीएम म्हणतात, आमच्या घरात 'हजारी' म्हणतात. पहिल्या दिवशी माझ्या डॅशबोर्डवर ०.०१ डॉलर उमटला होता. त्याचा स्क्रीनशॉट मी बायकोला पाठवला. तिचं उत्तर आलं, "पार्टी कुठे?"

शंभर डॉलर साठल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. ते साठायला मला किती महिने लागले ते राहू दे. पैसे आले तेव्हा बँकेतल्या माणसाला ते कोणत्या रकान्यात टाकावेत कळेना. परदेशातून आलेल्या पैशाला कारण लागतं.

"भिया, ये पैसा काहे का है?"

म्हटलं, लोक माझ्या खेळात जाहिराती बघतात, त्याचे.

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "देखें हम, और पैसे आपको?"

इतक्या कमी शब्दांत हा धंदा मला तोवर कुणी समजावून सांगितला नव्हता.

डॅशबोर्डवर देशवार तक्ता असतो. आत्याची मुलगी न्यू जर्सीला असते. मंजू. तीही रात्री झोपण्याआधी दोन डाव टाकते. एकदा मी दोघींची हजारी शेजारी शेजारी ठेवून बघितली आणि नको ते आत्याला सांगून बसलो. खेळ तोच, पानं तीच, जाहिरातही तितक्याच सेकंदांची, पण मंजूच्या एका जाहिरातीत आत्याच्या कितीतरी मावतात. आत्या गणिताची बाई. तिने गुणोत्तर विचारून घेतलं, जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे मायलेकींत मी स्वस्त."

मी समजवायला गेलो, की हा वेळेचा भाव नाही ग, जाहिरात बघून माणूस पुढे काय विकत घेईल त्याचा अंदाज आहे. अमेरिकेत खेळात पैसे घालणारं गिऱ्हाईक सापडण्याची शक्यता जास्त, म्हणून तिथली बोली चढी. मोबाइल खेळ उतरवून घेण्यात भारत जगात अगदी पुढे आहे आणि माणशी कमाईत अगदी मागे. धंद्यातले लोक देशांच्या सरळ प्रती लावतात, पहिली, दुसरी, तिसरी. आपण तिसरीत. "अरे पण," आत्या म्हणाली, "मी काहीच घेत नाही हे त्यांना आधीच कसं कळलं?" ते कळतं. ते कळण्यावरच सगळं उभं आहे.

बोली म्हणालो ती खरोखरची बोली आहे. बाबा छावणीच्या धान्य मंडीत एका आडत्याकडे हिशेब लिहायचे, त्यामुळे लिलाव मी लहानपणापासून बघितलेला. सोयाबीनचा ढीग, भोवती व्यापारी, एकजण मूठ भरून दाणे तळहातावर घोळवतोय, पुकारणारा भाव चढवत नेतोय. मी खेळ बाजारात आणला तेव्हा जाहिरातींचा लिलाव असा नव्हता. तेव्हाची रीत म्हणजे नमुन्याची पुडी घेऊन दुकान-दुकान हिंडायचं. पहिल्याला विचार, एवढ्याला घेतोस? नाही? मग दुसऱ्याला, जरा कमी सांगून. मग तिसऱ्याला. याला 'वॉटरफॉल' म्हणायचे. भावांची ही उतरंड हाताने लावावी लागे. मी रविवारी सकाळी चहा घेऊन तेच करत बसायचो. आता सगळे व्यापारी एकदम ढिगाभोवती उभे असतात. आत्याचा डाव संपता संपता तिच्या त्या अर्ध्या मिनिटाचा पुकारा होतो, बोल्या लागतात, माल तुटतो, आणि हे पापणी लवायच्या आत. फरक एकच. मंडीत पुकारणारा कोण आणि घेणारा कोण ते दिसायचं. इथे ॲपलोव्हिन या जाहिरात कंपनीने ट्विटरकडून मोपब हा जाहिरातींचा बाजार १०५ कोटी डॉलरला घेतला, २०२२ मध्ये खेळ बनवायचं सॉफ्टवेअर देणाऱ्या युनिटीने आयर्नसोर्स या दुसऱ्या जाहिरात कंपनीला पोटात घेतलं. म्हणजे खेळ बनवायचं हत्यार देणारा, लिलाव चालवणारा आणि बोली लावणारा एकाच घरचे असू शकतात. बाबा असते तर म्हणाले असते, तराजू कुणाचा ते आधी बघ.

आणि जाहिराती कशाच्या असतात? बहुतेक दुसऱ्या खेळांच्या! हे मला फार उशिरा उमगलं. माझ्या खेळात दुसऱ्याच्या खेळाची जाहिरात, त्याच्यात तिसऱ्याची, आणि पैसे साठले की मीही कुठेतरी माझी लावणार. सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री कचोरीवाल्याने गराडूवाल्याकडे खायचं आणि गराडूवाल्याने कचोरीवाल्याकडे, तसं. गल्ला हलता राहतो. पोट भरायला बाहेरचं कुणी आलं पाहिजे, हे मात्र कुणी बोलत नाही. मधल्या काही वर्षांत तर हाच एक स्वतंत्र धंदा झाला. क्षणात कळणारे आणि दोन दिवसांत विटणारे खेळ काढायचे, खेळणारा माणूस जाहिरातीतून काही सेंटांना विकत घ्यायचा आणि तो विटायच्या आत त्याला जाहिराती दाखवून जरा जास्त सेंट वसूल करायचे. पॅरिसच्या व्हूडू कंपनीने यात जगभर नाव काढलं. 'हायपर-कॅज्युअल' असं भारदस्त नाव आहे त्याला. आपण इकडून स्वस्तात घेऊन तिकडे जरा चढ्या भावाने विकणं म्हणतो तेच.

माणूस स्वस्तात ओढायचा तर जाहिरात खोटी करणं आलंच. खिळे उपसून राजाला वाचवायच्या त्या जाहिराती तुम्ही बघितल्या असतील. आत मूळ खेळ निघतो फळं-फुलं जुळवायचा. ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने २०२० मध्ये प्लेरिक्स कंपनीच्या अशा दोन जाहिरातींना दिशाभूल करणाऱ्या ठरवलं. आत्यानेही एकदा असा राजा वाचवायला म्हणून खेळ उतरवला होता. "राजा कुठाय?" म्हणत दोन दिवस शोधला तिने.

या स्वस्ताईला एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने खीळ घातली. आयफोनवर प्रत्येक ॲपने विचारायचं, तुमचा माग काढू का? साहजिकच ढिगाने लोक नाही म्हणाले. कोण काय घेतो हे कळेनासं झालं आणि अंदाजावर लावलेल्या बोल्या कोलमडल्या. फेसबुकवाल्या मेटाने एकट्या २०२२ सालात सुमारे १००० कोटी डॉलरचा फटका बसेल असं सांगितलं. माझे गिऱ्हाईक बहुतेक अँड्रॉइडवाले, त्यामुळे मला वाऱ्याची झुळूकच लागली म्हणायचं. झाड मोठं असेल तर वारा लागतो.

मला लागलं ते भिशीमुळे.

आत्याची भिशी अकराजणींची, महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी. कधीतरी जेवताना मी बोलून गेलो होतो, की जाहिरात नुसती बघण्यापेक्षा तिच्यावर बोट लावलं तर जास्त मिळतात. आत्याच्या लक्षात राहिलं. त्या शनिवारी साबुदाणा वडे झाल्यावर तिने फर्मान काढलं, प्रत्येकीने माझ्या भाच्याचा खेळ उघडायचा आणि जाहिरात आली की दाबायची. आणि त्या दाबत बसल्या. एकाच घरातून, एकाच वाय-फायवरून, अकरा फोन, दोन तास. वर मी आकडा चढताना बघतोय, आणि मूर्खासारखा खूश होतोय! मला वाटलं, खेळ कुणा मोठ्या माणसाच्या नजरेत आला.

पाच-सहा दिवसांनी मेल आला. अवैध ट्रॅफिक. जाहिराती दाखवण्यावर मर्यादा, आणि त्या महिन्याच्या कमाईतून कापाकापी. कंपनीचं नाव सांगत नाही, नियम त्यांचा बरोबरच होता. स्वतःच्या किंवा घरच्यांच्या बोटांनी कमावणं ही चोरीच. पण दाद मागायला समोर माणूस नाही. अर्ज भरायचा, यंत्र उत्तर देतं. तीनदा भरला, तीनदा शब्दाशब्दाने तेच उत्तर.

आत्याला सांगावं लागलं. ती आत गेली, फुलस्केप कागद घेऊन आली आणि शाळेच्या वळणदार इंग्रजीत पत्र लिहिलं: आपण छत्तीस वर्षं शिकवलं, आजवर कुणाच्या एका गुणाला हात लावला नाही, झालं ते आपल्या अज्ञानामुळे, भाच्याचा यात दोष नाही. खाली सही, आणि भिशीतल्या दहाजणींच्याही सह्या. त्या अर्जात कागद जोडायला जागाच नव्हती. पत्र माझ्या टेबलाच्या खणात आहे. मर्यादा महिनाभराने आपोआप उठली, का ते कुणी कळवलं नाही.

यानंतर जे सांगतोय त्यात मला कुणी फसवलेलं नाही.

साधारण त्याच सुमारास रमीच्या जाहिराती वाढल्या. पैसे लावून खेळायची रमी, पैसे लावून जमवायचा क्रिकेटचा संघ. आयपीएलच्या दोन महिन्यांत तर हजारी अशी चढायची की दिवाळी मागे पडावी. पत्त्यांच्या खेळात पत्त्यांचीच जाहिरात, म्हणजे गिऱ्हाईक आयतंच. एका दुपारी आत्याने हाक मारली. पडद्यावर एक बाई नोटांच्या पावसात हसत होती.

"हिने खरंच चाळीस हजार जिंकले का रे?"

"नाही ग. नटी आहे ती."

"मग तू दाखवतोस कशाला?"

मी म्हणालो, ते आपल्या हातात नसतं, लिलाव असतो, वरून येतं. वगैरे. हातात होतं. कोणत्या प्रकारच्या जाहिराती नकोत ते बंद करायचं बटण सेटिंगमध्ये होतं, दोन टिचक्यांवर. मी ते उघडून बघितलंही होतं. किती टक्के कमाई जाईल याचा अंदाज तिथेच शेजारी दिसत होता. मी पान बंद केलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, त्यांच्या जाहिरातींसकट. २० तारखेला लोकसभा, २१ला राज्यसभा, २२ला राष्ट्रपतींची सही. त्या आठवड्यातच मोठमोठ्या कंपन्यांनी आपले पैशाचे डाव गुंडाळले, आणि माझ्या खेळातून ती नोटांच्या पावसातली बाई गेली. माझी हजारी खाली बसली. कुणी विचारलं तर मी म्हणायचो, बरं झालं, मलाही त्या आवडत नव्हत्याच. आत्यासमोर मात्र हे म्हणायचं धाडस झालं नाही.

डिसेंबर नेहमीप्रमाणे बरा गेला. नाताळच्या खरेदीमुळे पाश्चात्त्य जाहिरातदार तेव्हा हात सैल सोडतात. जानेवारी नेहमीप्रमाणे ओस. एक तारखेला वह्या नव्या होतात आणि हजारी धाडकन पडते. हे दर वर्षी होतं आणि दर वर्षी पोटात खड्डा पडतो. यंदा त्या खड्ड्यात बसून मी ठरवलं की जाहिराती कमी करायच्या. नाहीतरी मिळत काही नव्हतं. शिवाय माणसं चिडून ॲप उडवतात, ते आकडेही समोर होते. थोडं त्या न दाबलेल्या बटणाचंही होतं, नाही म्हणत नाही. प्रत्येक डावानंतर येणारी जाहिरात मी दर तीन डावांनंतर केली. दोन दिवस खालून टप्-टप् सलग ऐकू येत होतं. ओरडणारं कुणी नाही. मला बरं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी आत्या जिन्याच्या तळाशी येऊन उभी राहिली. "काय केलंस रे खेळाला? जाहिरात येत नाही."

"कमी केल्या ग. तुला त्रास होत होता ना."

"मला कशाला त्रास? माझे थेंब चुकतायत!"

तिला काचबिंदू आहे. दिवसातून तीनदा दोन्ही डोळ्यांत औषध, आणि थेंब टाकला की डोळा मिटून शांत बसायचं. घड्याळ बघायला डोळा उघडावा लागतो, म्हणून तिने आपली सोय लावली होती. डाव संपला, जाहिरात लागली की उजव्या डोळ्यात थेंब, आणि ती बाई ओरडायची थांबेपर्यंत डोळे बंद. मग दुसरा डाव. दुसरी जाहिरात, डावा डोळा. किती वर्षं चाललंय हे, विचारलं. म्हणाली, काचबिंदू निघाल्यापासून.

मी लॅपटॉप उघडून तिच्या एका फोनपुरतं जुनं वेळापत्रक परत लावलं. सगळ्यांचं तसंच करावं का, ते अजून ठरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुद्दाम खाली गेलो. डाव संपला. ती हरली होती, किलवरचा राजा हातात अडकला होता. पानं गोळा झाली आणि कुणी तरुण मुलगा मोठ्याने कर्ज विकायला लागला, पाच मिनिटांत, विना कागदपत्रं. आत्याने बाटली उचलली, मान मागे टाकली, खालची पापणी बोटाने ओढून थेंब सोडला आणि दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले. मुलगा वाटीला टेकून ओरडतच होता. तिच्या गालावरून औषधाचा एक ओघळ हळूहळू हनुवटीकडे चालला होता. मी मागे उभा आहे हे तिला कळलं असावं.

"संपली की सांग रे," ती म्हणाली.